डिस्ट्रिब्युटर फक्त माल देत असेल, तर तो तुमच्या कामाचा नाही



एक प्रश्न मला सतत येतो. "सर, कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचं काम सुरू करतोय. मधला डिस्ट्रिब्युटर टाळून थेट कंपनीकडून माल मिळेल का? दोन पैसे जास्त सुटतील."

माझं मत स्पष्ट आहे. टाळायचा विचार सोडा. तो तुमच्यासाठी नेमकं काय करतो, ते आधी तपासा.

पूर्वी त्याची ताकद होती माल आणि माहिती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारल्याशिवाय आजचा रेट कळत नव्हता. आता तुम्ही तोंड उघडायच्या आधीच गिऱ्हाईक मोबाईलवर ऑनलाइन रेट दाखवतं. सेलच्या दिवसांत तर तो रेट कधी कधी तुमच्या खरेदीपेक्षाही खाली असतो! म्हणजे नुसता खोका विकून पोट भरायचे दिवस गेले. मोठ्या डिस्ट्रिब्युटरांना हे आपल्या आधी कळलं. रेडिंग्टन, इन्ग्राम मायक्रो ही मंडळी आज लॅपटॉप-प्रिंटरबरोबर क्लाउडची लायसन्सही विकतात.

मग त्याच्याकडून घ्यायचं काय? सगळ्यात आधी उधारी. साधा हिशोब करू. 50,000 चा लॅपटॉप, तुमचं मार्जिन धरा 2 टक्के, म्हणजे 1,000 रुपये. गिऱ्हाईक कंपनीने पैसे दिले 60 दिवसांनी. तुमचे पैसे बँकेच्या सीसी खात्यातले, व्याज धरा 12 टक्के. 60 दिवसांचं व्याज होतं साधारण 986 रुपये. हातात उरले 14. चहा-वडापावसुद्धा येणार नाही त्यात, आणि डिलिव्हरीचं पेट्रोल तर अजून धरलंच नाही. आता दुसरा डिस्ट्रिब्युटर तोच लॅपटॉप 300 रुपये महाग देतो, पण 45 दिवसांची उधारी देतो. व्याज भरायचं राहिलं 15 दिवसांचं, म्हणजे 250 च्या आत. साडेचारशेच्या आसपास तरी हातात राहतात. महाग कोण पडला?

दुसरी गोष्ट नियमांची. 9 एप्रिल 2025 पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं. तालुक्याच्या गावात दहा सोसायट्यांना कॅमेरे लावणाऱ्या मुलाने दिल्लीचे आदेश कधी वाचायचे? कुठलं मॉडेल चालतं, त्याचा कागद कुठे आहे, हे डिस्ट्रिब्युटरनेच सांगायला हवं. "जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो" एवढंच तो बोलत असेल तर सावध व्हा. गोडाऊन त्याचं रिकामं होतंय, नाव तुमचं लागणार आहे.

तिसरी गोष्ट लायसन्सची, आणि इथे नवीन मुलं हमखास अडकतात. मायक्रोसॉफ्ट 365 सारखी सबस्क्रिप्शन छोटा डीलर सहसा डिस्ट्रिब्युटरमार्फतच विकतो. वर्षाचा करार, बिल दर महिन्याला, असा पर्याय गिऱ्हाईकाला फार आवडतो. पण पहिल्या 7 दिवसांत रद्द केलं नाही, तर वर्षभराचे पैसे बांधले गेले. तुमच्या गिऱ्हाईकाने 25 लायसन्स घेतली आणि चौथ्या महिन्यात ऑफिसला टाळं लावलं, तर उरलेल्या महिन्यांचं बिल मायक्रोसॉफ्ट डिस्ट्रिब्युटरकडे मागतं, आणि डिस्ट्रिब्युटर तुमच्याकडे. चांगला डिस्ट्रिब्युटर हे ऑर्डर घेण्याआधी समजावतो आणि रिन्युअलची तारीख महिनाभर आधी कळवतो. नुसता पोर्टलचा पासवर्ड देणारा यातलं काहीच करत नाही.

आता दुसरी बाजूही बघा, नाहीतर म्हणाल सर डिस्ट्रिब्युटरचीच वकिली करतायत. त्याचंही खोक्यावरचं मार्जिन आटलंय. त्यामुळे मोठं गिऱ्हाईक दिसलं की त्यालाही मोह होतो. तुम्ही सहा महिने एखाद्या कारखान्याचे उंबरे झिजवता, स्पेशल रेटसाठी त्याचं नाव डिस्ट्रिब्युटरला सांगता, आणि आठवड्याभरात तिथे दुसऱ्याच डीलरचं कोटेशन पोचतं. असं होतं. म्हणून नाव सांगण्याआधी विचारा, "या ब्रँडचं डील रजिस्ट्रेशन आहे का?" बऱ्याच मोठ्या ब्रँडचं असतं. तुमच्या नावावर डील नोंदवून घ्या, मंजुरीचा ईमेल येऊ द्या, मगच कोटेशन मागा. फोनवरचं "तुम्ही बिनधास्त राहा हो" धरू नका.

तुमच्या जिल्ह्यात डील रजिस्ट्रेशन नीट करून देणारा डिस्ट्रिब्युटर आहे का? ब्रँडसकट कमेंटमध्ये लिहा. ईमेल कसा लिहायचा, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो.