गाठ फोडून पाहा

जून उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात : ‘जमीन सुधारायला कोणतं झाड लावू?’ आम्ही उलट विचारतो, जमीन कुठली आणि तिला झालंय काय? कोल्हापुरात तरी हे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. तिथून शंभरेक किलोमीटरवर शिरोळात जेमतेम ५००-६००. वर जांभ्याचा कातळ आणि धुपून आम्ल झालेली माती, खाली उसाला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी पाजून क्षारपड झालेली काळी रानं.

शिरोळकडच्या खार फुललेल्या रानात आधी निचरा, मग झाड. करंज, बाभूळ, अर्जुन तिथं तग धरतात, पण भूजल वरच राहिलं तर मीठ हटवणं त्यांच्या आवाक्यात नाही. उत्तरेतल्या चोपण जमिनींवर वेडी बाभूळ तगली, म्हणून तिचं बी इकडे आणू नये. जनावरं शेंगा खातात, शेणातून ती रानोमाळ होते, आणि मग उपटता उपटत नाही.

माळावरची चूक वेगळी. १९८२ साली सामाजिक वनीकरण विभाग उभा राहिल्यानंतर ऑस्ट्रेलियन बाभळीनं उघडे माळ झपाट्यानं हिरवे केले. ती नत्रही धरते. तरीही तिच्याखाली उभे राहा : चामड्यासारखी पानं वर्षभर तशीच पडून, खाली गवताची काडी नाही. वर सावली झाली, खाली माती मात्र जिवंत झाली नाही.

शेंग येते म्हणजे नत्र मिळतं, हा समज तर आता सोडायलाच हवा. एका रोपवाटिकेतून ‘नत्र देणारी’ म्हणून आम्ही काशीदाची रोपं नेली, मुरमाड उतारावर लावली. तिसऱ्या वर्षी एक उकरलं. मुळावर नत्र धरणाऱ्या जिवाणूंची एकही गाठ नाही. काशीद, बहावा, चिंच, गुलमोहर यांच्या मुळांवर गाठी येतच नाहीत. ती झाडं वाईट नव्हेत, पण त्यांच्याकडून नत्राची आशा धरू नये. करंज, शिरीष, खैर, पांगारा, बांधावर गिरीपुष्प यांच्याकडून ती धरावी. त्यांच्या जोडीला आपल्याच डोंगरातले ऐन, हिरडा, जांभूळ हवेत. एकाच जातीची रांग नको.

यंदा रोपं घेताना एक करंज पिशवीतून अलगद काढा आणि मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर जिवाणू कामाला लागलेत. हिरवट वा करडी निघाली तर तिचं काम थांबलंय. गाठीच नसतील तर जुन्या, गाठी धरलेल्या करंजाखालची दोन मुठी माती पिशवीत घाला. जांभ्याच्या आम्ल मातीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमला बांधलं जातं आणि त्यावाचून गाठी उपाशी राहतात; म्हणून तिथल्या खड्ड्यात शेणखतासोबत रॉक फॉस्फेटही टाका.