रिस्क कुणाला?

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर बोईसर स्टेशनच्या पुलावर उभे राहा, तारापूर एमआयडीसी म्हणजे काय ते कळेल. केमिकल, कापड, स्टील, औषधं... दिवसभराचा वास अंगावर घेऊन माणसांचे लोंढे येत असतात. निम्म्या हिंदुस्थानाच्या भाषा कानावर पडतात, मध्येच आपली मराठी. यातले कितीतरी जण एकटेच आलेले. बायकापोरं गावी. एका खोलीत पाच-सहा जण, महिन्याला घरी पैसे आणि वर्षातून एखाद-दुसरी फेरी.

या गर्दीकडे बघून कुणीतरी हमखास म्हणतं, 'एड्सबिड्स ना? तो या लोकांमध्ये!' हे वाक्य मी पालघरपासून परळच्या एसी ऑफिसांपर्यंत इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलंय. ज्यांनी मोजणं सोडलं नाही, त्यांच्याबद्दल आज.

डॉ. रमण गंगाखेडकर. नाव ओळखीचं वाटतंय? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सरकारी पत्रकार परिषदेत आयसीएमआरच्या वतीने शांतपणे उत्तरं द्यायचे, तेच. त्याच वर्षी त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण टीव्हीवर दिसण्याआधीची कितीतरी वर्षं त्यांनी पुण्याजवळ भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत घालवली. १९९२ मध्ये सुरू झालेली ही संस्था 'नारी' म्हणून ओळखली जायची, आता तिचं नाव बदललंय.

ते एपिडेमिऑलॉजिस्ट, म्हणजे साथरोगतज्ज्ञ. आपला फॅमिली डॉक्टर विचारतो, 'तुला काय होतंय?' साथरोगतज्ज्ञ विचारतो, 'कुणाला होतंय, कुणाला नाही आणि फरक कशामुळे?' ऐकायला साधं, पण या प्रश्नाने भल्याभल्यांचे समज कोसळतात.

तसंच झालं. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यात गुप्तरोगाच्या क्लिनिक्समध्ये आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. त्यातल्या ५२५ जणी वेश्याव्यवसायातल्या होत्या. त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण जवळजवळ ५० टक्के निघालं. ते अपेक्षितच होतं. धक्का दिला उरलेल्या ३९१ जणींनी. यांना फारशी रिस्क नाही, असं सगळे धरून चालले होते. त्यांच्यात प्रमाण निघालं १३.६ टक्के! आता हा आकडा क्लिनिकमध्ये आलेल्यांचा, अख्ख्या शहराचा नव्हे, हे लक्षात ठेवायचं. पण संसर्गाशी जोडलेला धागा एकच सापडला : गुप्तरोग असलेल्या जोडीदाराशी संबंध. आणि बहुतेकींचा तो एकमेव जोडीदार म्हणजे नवरा. गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा हा पेपर १९९७ मध्ये 'जामा' या अमेरिकन जर्नलमध्ये आला. 'आपण चांगल्या घरातले, आपल्याला काय होणार' या समजुतीला तिथेच सुरुंग लागला.

आता पुन्हा बोईसरच्या गर्दीकडे बघा. सरकारी एड्स कार्यक्रमात स्थलांतरित कामगार आणि ट्रक ड्रायव्हर यांना 'ब्रिज पॉप्युलेशन' म्हणतात. पण पूल म्हटला की त्याला दुसरं टोक आलंच. तिथे गावाकडची बायको असते, जिला कुणी काही विचारलेलंच नसतं. आणि हो, पीजीत राहणारे, प्रोजेक्टसाठी शहरं बदलणारे आपणही स्थलांतरितच की! फक्त आपल्या बॅगेला चाकं असतात.

चांगली बातमीही याच मोजामोजीतून आली. जोडप्यातल्या एकालाच एचआयव्ही असेल आणि त्याला लवकर औषधं सुरू केली, तर दुसऱ्याला होणारा संसर्ग तब्बल ९६ टक्क्यांनी कमी होतो, हे २०११ मध्ये सिद्ध झालं. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या या अभ्यासात पुण्याची 'नारी'ही होती. आज आपल्याला माहीत आहे की गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू टेस्टमध्ये सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही. अशी माणसं नोकरी करतात, लग्न करतात, ईएमआय भरतात.

मग नोकरीचं काय? १९९७ मध्येच मुंबई हायकोर्टाने एका हंगामी कामगाराच्या केसमध्ये सांगितलं होतं, की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर निव्वळ एचआयव्हीमुळे त्याला काम नाकारता येणार नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लागू झाला. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही टेस्टची अट घालायला त्यात मनाई आहे. संमतीशिवाय टेस्टही नाही. शंभर किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात तक्रार अधिकारी नेमायला हवा. तुमच्या एचआरला विचारून बघा, कोण आहे ते. चेहरा बघण्यासारखा होईल!

आणि टेस्टचं म्हणाल, तर सरकारी आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते, नाव गुप्त राहतं, समुपदेशक नीट बोलतो. १०९७ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. नुकतीच रिस्क घेतली असेल, तर पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा करा. पॉझिटिव्ह आला, तर औषधंही सरकारी केंद्रात मोफत आहेत.

छत्तीस गुण जुळवायला आपल्याकडे दोन घरं अख्खा रविवार घालवतात. दोघांनी मिळून टेस्ट करून यायला एक सकाळ पुरते.