टाउन सेंटर रिकामं बसलंय!

शुक्रवारची दुपार. आमच्या भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात, त्यामुळे कानांना जरा बरं वाटतं. एका शेगडीवर डाळ, दुसरीवर तवा, मशीनमध्ये कपडे पिळायला लागलेले आणि खांद्याला मान लावून धरलेल्या फोनवर नणंद. तेवढ्यात आतल्या खोलीतून पुतण्या ओरडला, ‘‘ताई, अगं टाउन सेंटर रिकामं बसलंय! चौदाशे लाकूड साठलंय, खर्च कर ना!’’

मी लाटणं हातात घेऊनच आत गेले. रागवायलाच गेले होते, पण तिथेच उभी राहिले.

‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग हा तसा जुना खेळ, १९९९ सालचा. माझा धाकटा दीर कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून तो खेळायचा. २०१९ मध्ये तो नव्या रूपात आला आणि आता त्याचाच मुलगा घरी बसून खेळतो. सुरुवातीला तुमच्याकडे एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि टेहळणीचा एक घोडेस्वार. अन्न, लाकूड, सोनं आणि दगड गोळा करायचे. गावकऱ्यांत बायकाही असतात बरं का, आणि त्या झाडंही तोडतात. एक गावकरी तयार करायला पन्नास अन्न आणि पंचवीस सेकंद लागतात. एक घर बांधलं की पाच माणसांची सोय होते. घर बांधायला विसरलात तर नवा माणूस येत नाही, सगळं खोळंबतं. आणि हे सगळं चालू असताना शत्रू काही तुमच्यासाठी थांबत नाही.

पुतण्या मला शिकवायला लागला. ‘‘काकू, एकदम पाच गावकऱ्यांची ऑर्डर द्यायची नाही. अडीचशे अन्न आत्ताच अडकतं आणि माणूस मात्र एकेकच येतो.’’ म्हणजे पाच महिन्यांचं वाणसामान एकदम भरून हात रिकामा करून बसण्यासारखंच की! आणखी सांगितलं, की दर थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर नजर टाकायची. रिकामा बसलेला गावकरी शोधायला एक बटण असतं, ते दाबत राहायचं. सैनिकांच्या तुकड्यांना आकडे द्यायचे, म्हणजे माउस घेऊन शोधत फिरावं लागत नाही. आणि हरलो की तोच डाव पुन्हा लावून बघायचा, कुठे वेळ वाया गेला ते कळतं.

मला आमच्या गल्लीतला मागवाला आठवला. चार, सहा, कधी आठ मागांवर एक माणूस असतो. तो आठही मागांवर एका वेळी काम करतो का? मुळीच नाही. तो फेऱ्या मारतो. डोळे धाग्यावर, कान आवाजावर, आणि डोक्यात एकच हिशेब, की आता कुठल्या धोट्यातली कांडी संपणार. माग थांबायच्या आधी तो तिथे पोचलेला असतो. समोर कांडी भरणाऱ्या बायकाही हेच करतात, मजुरी मात्र त्याच्याहून कमी घेतात.

म्हणून ‘मल्टिटास्किंग बायकांना जन्मजातच येतं’ हे कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरतं. दर ८ मार्चला दहा हातांची देवी काढलेला फोटो येतो. एका हातात लॅपटॉप, एका हातात कढई. अहो, दहा हात कोणाला हवेत? घरात दहा माणसांचे वीस हात आहेत, त्यांचं काय ते बोला!

आणि जन्मजात कसलं? २०१३ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात लंडन आणि टेक्सासच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. ‘स्टारक्राफ्ट’ हा याच जातीचा खेळ त्यांनी काही जणींना चाळीस तास खेळायला लावला. दुसऱ्या गटाला ‘सिम्स’ हा निवांत खेळ दिला. ‘स्टारक्राफ्ट’वाल्यांची डोक्यातली कामं पटापट बदलण्याची क्षमता वाढली, आणि ज्यांना एकाच वेळी दोन-दोन तळ सांभाळायला लावले त्यांची सर्वांत जास्त. गंमत म्हणजे बहात्तरच्या बहात्तर जणी बायका होत्या, कारण आठवड्याला दोन तासांपेक्षा कमी गेम खेळणारे पुरेसे पुरुषच त्यांना मिळेनात! म्हणजे बघा, ही सवय आहे, सरावाने येते. मग घरातल्या पुरुषांनाही येईल की.

हे मी पुतण्याला ऐकवलं. चार आघाड्या डोक्यात ठेवणाऱ्या या सेनापतीला ओट्यावर उतू चाललेलं दूध दिसत नाही, ते कसं? तो म्हणाला, ‘‘काकू, ओट्यावर बटण नाही ना.’’ उत्तर हजरजबाबी, पण मला झोंबलं.

कारण मग मी दुसरा हिशेब केला. माझी मुलगी अकरावीत आहे, ती सारखी का हरते? घरात कॉम्प्युटर एक. पुतण्याला रोज दीड तास, तो नियम मीच केला. लेकीला ‘स्वयंपाकात हात लावून झाला की’. म्हणजे कधी अर्धा तास, तोही एक कान कुकरच्या शिट्टीकडे ठेवून. सासूबाई म्हणायच्या, मुलीच्या जातीला कसल्या लढाया? मी त्यांना कधी उलटून बोलले नाही, पण वाटणी तर त्यांच्याच मनासारखी केली. वेळ हे घरातलं सगळ्यांत महाग सामान, आणि ते मोजून देणारी मी होते.

एका गोष्टीवर मात्र मी पुतण्याशी भांडले. साठवून ठेवू नको, सगळं कामाला लाव, हे त्याचं पहिलं सूत्र. अरे, नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या तेव्हा मजुरी द्यायला रोकड नाही म्हणून इथले माग थांबले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि परगावचे कारागीर चालत घरी निघाले. तेव्हा याच घरात कुणाच्या डब्यातले पैसे बाहेर निघाले? लेकीने लाकूड साठवलं तर माझ्याच वळणावर गेली, मला तिचा राग येईना. पुतण्या म्हणाला, ‘‘पण डाव संपल्यावर लाकूड घरी नेता येतं का, काकू?’’ तेही खरंच. खेळात उद्या नसतो. आमच्याकडे मात्र असतो, आणि बहुतेकदा वाईटच असतो.

आता शुक्रवारी दुपारचे दोन तास लेकीचे. त्या वेळात ओटा पुतण्याकडे, आणि मी त्याला आवाज देत नाही, तिलाही नाही. पहिल्या शुक्रवारी डाळ करपली, घरभर वास. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. गेल्या शुक्रवारी लेक पुन्हा हरली, पण तिच्याकडे शेवटी फक्त नव्वद लाकूड उरलं होतं आणि टाउन सेंटर एकदाही रिकामं बसलं नव्हतं. पुतण्याने चपात्या केल्या. तेरा. मोजून सांगत होता सगळ्यांना.