प्रोग्रामने आधीच सांगायला हवं होतं

मागच्या व्हिडिओत मी दुकानाचा कॅटलॉग एका छोट्या प्रोग्रामने बनवून दाखवला. काळ्या विंडोत एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचा, की सगळे फोटो एका मापाचे होतात आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटससाठी व्हिडिओ तयार. व्हिडिओत जे दिसलं नाही, ते आज लिहितो.

असे प्रोग्राम सगळं काम स्वतः करत नाहीत. माझा प्रोग्राम फोटोंसाठी इमेजमॅजिकला हाक मारतो आणि व्हिडिओसाठी एफएफएम्पेगला. दोन्ही फुकट मिळतात, पण कॉम्प्युटरवर आधी टाकलेले असावे लागतात. माझ्या लॅपटॉपवर एफएफएम्पेग नव्हतं. हे मला कधी कळलं? साडेतीनशे फोटो करून झाल्यावर, दिवाळीआधीच्या शनिवारी रात्री साडेअकराला. ते टाकलं, पुन्हा चालवलं, आणि गडी परत पहिल्या फोटोपासून सुरू!

लग्नाचा आचारी कढई तापल्यावर सांगतो का, की झारा नाही? तो आदल्या दिवशीच यादी देतो.

मग डेव्हलपरने सुरुवातीलाच तपासणी घातली, पण नुसतं नाव बघणारी. दुकानातल्या विंडोज मशिनवर तिची गंमत झाली. जुन्या इमेजमॅजिकच्या कमांडचं नाव 'कन्व्हर्ट'. आणि विंडोजची स्वतःचीही एक 'कन्व्हर्ट' असते, जी डिस्क फॅटमधून एनटीएफएसमध्ये बदलते. फोटोंशी तिचा काही संबंध नाही! तपासणीला नाव सापडलं, तिने पास केलं, आणि पहिल्याच फोटोला 'इनव्हॅलिड पॅरामीटर'. इमेजमॅजिक 7 मध्ये कमांडचं नाव 'मॅजिक' आहे, त्यामुळे आता हा घोळ टळतो. तरी नाव सापडलं की थांबू नये. त्या टूलला त्याची आवृत्ती विचारावी, उत्तर बरोबर आलं तरच पुढे जावं.

'रीडमीमध्ये लिहिलंय की,' असं डेव्हलपर म्हणतात. मला हे पटत नाही. काउंटरवरचा पोरगा रीडमी वाचणार नाही, समोरची ओळ वाचेल. फ्लटरवाल्यांची 'फ्लटर डॉक्टर' कमांड बघा: काय आहे, काय नाही आणि काय करायचं, हे ती एकाच यादीत दाखवते. एकेक अडचण सांगून चार वेळा पळवत नाही.

म्हणून तुम्ही प्रोग्राम बनवून घ्याल तेव्हा पैसे ठरवतानाच हे बोलून घ्या. जे जे नाही ते एकदम सांगायचं, टाकायचं कसं तेही सांगायचं. फक्त फोटो करायचे असतील तर एफएफएम्पेगसाठी अडवायचं नाही. आणि न विचारता स्वतःहून काही इन्स्टॉल करायचं नाही, त्याच मशिनवर आपलं बिलिंग चालतं!

माझ्या डेव्हलपरने या बदलाचे दोन तासांचे पैसे वेगळे लावले. मी घासाघीस न करता दिले.