घरपट्टी थकली की सरपंचाचेही हात बांधले जातात

रेणापूर : मार्च जवळ आला की ग्रामपंचायतीचा कर्मचारी बिलं घेऊन दारोदार फिरतो. 'नळाला पाणी नाही, गटार तुंबलेली, मग पट्टी कशाची?' असं त्याला ऐकवलं जातं. प्रश्न खोटा नाही. पण ऐकून घेणारा माणूस चुकीचा आहे. उलट, त्याच्या पगारातला सरकारी वाटा वसुलीच्या टक्केवारीशी जोडला गेला. ही अट काढा म्हणून कर्मचारी संघटनांनी अनेकदा आंदोलनं केली.

'गावाला वरून निधी येतो की' असंही बोललं जातं. येतो, पण बांधलेला येतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता. उरलेल्या 40 टक्क्यांतून पगार करता येत नाही, आणि काम आधी आराखड्यात असावं लागतं. अचानक काही अडलं तर हाताशी असतो तो ग्रामनिधी, म्हणजे आपलीच घरपट्टी. त्यातूनही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणावर, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. बाकीच्याचं काय करायचं, ते गाव ठरवू शकतं.

हा पैसा किती तुटपुंजा असतो? रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अहवालानुसार देशातल्या पंचायतींच्या उत्पन्नात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम 1 टक्का आहे. सुमारे 80 टक्के केंद्राचं अनुदान, 15 टक्के राज्याचं. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतींना घटनेत जागा मिळाली. तिजोरी मात्र वरच राहिली.

दोष एकट्या गावकऱ्यांचा नाही. वसुलीला कडक झालं तर मतं जातात, म्हणून सरपंचही गप्प बसतो. खरं तर बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कायद्याने अपात्र ठरू शकतो. अर्ज भरायच्या वेळी बेबाकीसाठी धावपळ होते ती त्यामुळेच.

आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटलांनी वेगळी वाट धरली. पूर्ण कर भरणाऱ्याचं दळण वर्षभर फुकट. कराचा पैसा पिठाच्या डब्यात दिसायला लागला, आणि लोक भरायला लागले.

गेल्या वर्षी पट्टी किती जमली, कशावर गेली, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. थकबाकीदारालाही.