कुत्र्याच्या नावाचं खातं

विनोद आणि व्यवहार यांचं सोयरीकसंबंध जुळू नये, असं माझं मत आहे. व्यवहार मी दिवसभर करतो; तो काउंटरच्या आत शोभतो. पण हे मत आमच्या शाखेत बोलून दाखवलं, की एकच उत्तर मिळतं : “अहो, गंमत आहे. मनावर काय घेता?” आज मला भांडायचं आहे ते या ‘गंमत आहे’शी. आणि साक्षीला मी एक कुत्री आणणार आहे.

नाव काबोसू. जात शिबा इनू. राहणार साकुरा, प्रांत चिबा, देश जपान. आत्सुको सातो नावाच्या बालवाडीच्या बाईंनी २००८ साली तिला बेवारशी कुत्र्यांतून घरी आणलं. चेहरा वाटोळा, म्हणून नाव ठेवलं लिंबाच्या जातीतल्या एका वाटोळ्या फळाचं. १३ फेब्रुवारी २०१० रोजी बाईंनी तिचे काही फोटो इंटरनेटवर टाकले. त्यांतल्या एकात काबोसू सोफ्यावर बसून, पंजे जुळवून, तिरक्या नजरेनं बघते आहे. शंभराच्या नोटा दहा आणि स्लिपवर रक्कम अकराशे असली, की आमचा कॅशियर गिऱ्हाइकाकडे बघतो ना, तश्शी!

या फोटोवर लोकांनी रंगीबेरंगी, बाळबोध अक्षरांत मोडकं इंग्रजी चिकटवायला सुरुवात केली. ‘सच’, ‘मच’, ‘व्हेरी’ हे शब्द नको तिथं लावायचे आणि शेवटी ‘वाव’ म्हणायचं. नाव पडलं ‘डोज’. डॉगला शेपटासारखा ‘ई’ जोडलेला हा शब्द २००५ साली ‘होमस्टार रनर’ या अमेरिकी कार्टूनमालिकेतल्या बाहुल्यांच्या खेळात आला होता. २०१३ पर्यंत डोज जगभर पोचलं. ज्यांना इंग्रजी येत होतं ते मुद्दाम मोडून लिहीत होते आणि आमच्यासारख्यांना तसंच येत होतं. एवढी समता मी दुसरीकडे पाहिलेली नाही. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणाला टोचलं नाही, कुत्रीलासुद्धा नाही. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

पुढं डिसेंबर २०१३ मध्ये बिली मार्कस आणि जॅक्सन पामर या दोघा कॉम्प्युटरवाल्यांनी डोजच्या नावानं एक डिजिटल नाणं काढलं. हेतू काय, तर असल्या नाण्यांची टिंगल करावी. मी बी. कॉम. झालेला माणूस, ज्या नाण्याच्या दर मिनिटाला दहा हजार नव्या प्रती निघतात आणि पुढं कधी थांबत नाहीत, ते टिंगलीसाठीच असणार, हे मला समजतं. पण लोकांनी ते खरंच घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला मंडळी चांगली होती. २०१४ साली त्यांनी जमैकाच्या बर्फगाडीच्या संघाला हिवाळी ऑलिंपिकला धाडायला वर्गणीसुद्धा काढली. मार्कस २०१५ सालीच आपली नाणी विकून मोकळे झाले. पैसे आले ते एका जुन्या होंडा गाडीपुरते.

मग इलॉन मस्क यांना ही गंमत आवडली. श्रीमंत माणसाला गंमत आवडली की तिचा भाव वाढतो. २०२१ सालच्या सुरुवातीला ज्या नाण्याला अर्धा सेंटही मिळत नव्हता, ते मे महिन्यात सत्तर सेंटांच्या वर गेलं. ८ मेला साहेब टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आले. हे नाणं म्हणजे लबाडीचा धंदा का, असं विचारल्यावर ‘हो’ म्हणाले. लोक हसले. भाव त्याच वेळी घसरायला लागला. सकाळी ज्यानं गाठीचे पैसे घातले, त्याचं काय? अहो, गंमत आहे, मनावर काय घेता!

आणि शेवटचा कळस. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी खर्च कापण्यासाठी एक खातं निघालं. इंग्रजी नावाची आद्याक्षरं अशी बसवली, की जुळवून वाचल्यास ‘डोज’! अमेरिकेत खरं खातं काढायला कायदा लागतो. हे राष्ट्राध्यक्षांच्या हुकमावर चाललं. पुढं हजारो सरकारी नोकरांच्या नोकऱ्या गेल्या. फेब्रुवारीत सगळ्यांना पत्र गेलं : गेल्या आठवड्यात केलेली पाच कामं लिहून कळवा. आणि मस्कसाहेबांनी जाहीर केलं, की उत्तर आलं नाही तर तो राजीनामा समजू.

आता हसा!

मी कारकून आहे. साहेबाच्या विनोदाला हसावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. साहेब चुटका सांगतात तेव्हा आम्ही आधी त्यांचा चेहरा बघतो, मग हसतो, मग आपली खुर्ची जागेवर आहे ना ते चाचपतो. आपल्यातुपल्यात चाललेली गंमत नको झाली तर तिला ‘पुरे’ म्हणता येतं. ज्याच्या हाती आपला पगार आहे, त्याच्या गमतीला ‘पुरे’ म्हणायची सोय नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच : विनोद खालून वर जावा. वरून खाली आला, तर त्याला परिपत्रक म्हणावं, जावक क्रमांक द्यावा आणि खाली सही कोणाची आहे ते पाहावं. सही न करता मजा मारायची आणि किंमत दुसऱ्यानं भरायची, याला आमच्याकडे विनोद म्हणत नाहीत, अफरातफर म्हणतात.

काबोसू २४ मे २०२४ रोजी वारली. आपल्या नावाचं खातं निघालेलं तिला बघावं लागलं नाही. बघितलं असतं तर ते कसं, हे मात्र सांगायला नको. तो फोटो २०१० सालापासून आहेच.