माझ्या मापाचं चाक

"साहेब, हे बघा. एकदम स्पोर्टी लूक. आजकाल सगळे हेच नेतात."

नाशिकच्या एका ऑटो अॅक्सेसरीजच्या दुकानातला हा संवाद. दुकानदार बोलत होता आमच्या यांच्याशी. गाडीची किल्ली माझ्या हातात, गाडी चालवत आणली मी, पार्किंगमध्ये दोन पिलरच्या मधे लावली मी. आणि आमचे हे? आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली, रुळावरच्या गाड्यांची काळजी वाहिली, पण रस्त्यावरची गाडी काही शिकले नाहीत. तरी 'साहेब' तेच! हेही बिचारे मान डोलावत होते. मी मधे म्हटलं, "अहो, चालवते मी." तर दुकानदार हसून म्हणाला, "हो का काकू? वा! मग तुम्हाला लाल शिलाईचं देऊ का?"

मैत्रिणींनो, राग आला तो तेव्हा नाही, नंतर आला. तेव्हा मी खरंच लाल की काळी शिलाई याचा विचार करत बसले होते.

आमची गाडी म्हणजे २००४ सालची मारुती ८००. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओतून पाच वर्षांची मुदत वाढवून आणली, ती संपल्यावर पुन्हा एकदा आणली. इंजिन अजून ठणठणीत. पण स्टिअरिंगचं चाक उन्हापावसानं पार गेलं होतं. कडेला चिरा, वरच्या बाजूला हाताला चिकटणारं रबर. मी आधी त्यावर लोकरीचं कव्हर विणून घातलं. दिसायला फार छान! पण पहिल्याच वळणाला कव्हर फिरलं आणि चाक जागेवरच राहिलं. ते त्याच दिवशी काढून टाकलं. विणकाम कितीही आवडत असलं तरी ते तिथे नको, हे तेव्हाच कळलं.

आता या वयात गाडी कशाला, असं शेजारणी विचारतात. तर आठवड्यातून दोनदा सासूबाईंना डायलिसिससाठी नाशिकला न्यावं लागतं. इगतपुरीहून सकाळी निघायचं, चार तास तिथे बसायचं, संध्याकाळी परत. दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही आणि एसटीत त्यांना बसवत नाही. त्यामुळे ही जुनी ८०० म्हणजे आमच्या घराचा कणा आहे म्हणा ना!

पुण्याच्या लेकानं फोनवर ठरवूनच टाकलं, "आई, तुला वाढदिवसाला नवीन स्टिअरिंग. तेरा इंची, खालून सपाट, मोमोसारखं." मला वाटलं, स्टेशनबाहेर गाडीवर मिळतात ते मोमो! मग त्यानं समजावलं. जियानपिएरो मोरेत्ती नावाचे इटलीचे एक शर्यतपटू होते. त्यांनी १९६०च्या दशकात स्वतःच्या शर्यतीच्या गाडीसाठी मनासारखं चाक बनवून घेतलं आणि त्यातूनच पुढे धंदा उभा राहिला. मोरेत्तीतला 'मो' आणि मोंझा या शर्यतीच्या मैदानातला 'मो'. गोष्ट मला आवडली. पण त्यात खरी गंमत कुठली होती हे फार उशिरा लक्षात आलं. त्या माणसानं चाक स्वतःच्या हाताला बसेल असं बनवून घेतलं होतं. आम्ही मात्र लेकाच्या डोळ्याला आवडेल असं चाक माझ्या हाताला बसवायला निघालो होतो.

आमच्या चाकावर कुठलंच नाव नव्हतं. दुकानातल्या मुलानं वीस मिनिटांत बसवून दिलं. यांनी पैसे दिले. फोटो पुण्याला गेला, तिकडून अंगठा आला. परत निघाले आणि गोंदे येईस्तोवर खांदा भरून आला.

का, ते घरी आल्यावर उमगलं. तुमच्यापैकी कोणी जात्यावर दळलंय का? जात्याचा खुंटा पाळूच्या कडेला असतो, मधे नाही. मधल्या खुंटीजवळ धरून जातं फिरवून बघा, दोन फेऱ्यांत दम लागेल. स्टिअरिंगचंही तेच. ८००ला पॉवर स्टिअरिंग नाही, सगळा जोर आपल्या दंडाचा. मी शिवणाची टेप घेऊन जुनं चाक मोजलं, ते साडेचौदा इंच भरलं. नवीन तेरा. दीड इंचात काय होतंय, असं वाटेल. पण रुपयाला अकरा-बारा पैसे जास्त जोर, तोही प्रत्येक वळणाला, गाडी लावताना आणि काढताना. पंचविशीतल्या मुलाला हे जाणवणारही नाही. चाळिशीनंतर ज्यांचा खांदा एकदा तरी धरलाय, त्या बायकांना विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे खालची सपाट कड. शर्यतीच्या गाडीत चाक थोडंसंच फिरवावं लागतं, हात जागच्या जागी राहतात. शिवाय मांडीला जागा लागते, म्हणून तिथे ते ठीक. आपल्या गाडीचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत कितीतरी वेढे फिरतं. हातावर हात टाकत वळवताना मधेच ती सपाट कड आली की तळहात चुकतो. पायरी उतरताना एखादी पायरी लहान असावी तसं होतं.

तिसरी गोष्ट बायकांच्या खास कामाची, पण मला ती कुठल्याच दुकानात कुणी सांगितली नाही. बाहेरचं चाक गाडीच्या दांड्यावर थेट बसत नाही. मधे एक जोड लागतो, त्याला बॉस किट म्हणतात. त्यामुळे चाक दोन-तीन इंच पुढे, म्हणजे आपल्या छातीकडे सरकतं. माझी उंची पाच फुटाला थोडी कमी. क्लचपर्यंत पाय पोचावा म्हणून मी सीट आधीच पुढे ओढून बसते. त्यात चाक आणखी जवळ! उंच पुरुषाला ते हाताशी आल्यासारखं वाटेल, मला ते छातीशी आलं. एअरबॅग असलेल्या गाडीत तर छाती आणि चाक यांच्यात निदान दहा इंच अंतर ठेवायला सांगतात. आणि चाकाची वरची कड खाली आल्यानं वेगाचा काटा झाकला गेला, तो वेगळाच ताप. मान उंच करून बघावं लागे.

एवढं सगळं असूनही मी ते चाक तीन आठवडे वापरलं. का? लेकानं प्रेमानं दिलंय, पैसे गेलेत, आपल्यालाच सवय नाही, होईल हळूहळू. हेच ना! टाचेला लागणारी चप्पलसुद्धा आपण 'सैल होईल' म्हणत महिनाभर घालतो.

मग पावसाळा आला. इगतपुरीचा पाऊस काय वर्णावा! चार महिने कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते आणि धुकं असं की समोरच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा जवळ गेल्यावरच दिसतात. त्या दिवशी नाशिकहून परतायला अंधार झाला. मागे सासूबाई थकून डोळे मिटून पडलेल्या. हायवे सोडून गावाकडे वळले, तर समोर एक टेम्पो उभा. मी बाजूनं काढायला चाक पूर्ण वळवलं आणि तो टेम्पो मागे यायला लागला. मी हॉर्न दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. नाही.

"अगं, हॉर्न दे की!" सासूबाई एकदम जाग्या झाल्या.

"देतेय हो आई, वाजत नाहीये!"

माझ्या मागे कोणाची तरी गाडी लागलेली, त्यामुळे मागेही जाता येईना. शेवटी कडेच्या टपरीवरच्या एका मुलानं धावत येऊन टेम्पोच्या फळीवर थाप मारली. टेम्पो थांबला तेव्हा आमच्या बॉनेटमध्ये नि त्याच्यात वीतभर अंतर होतं. मी त्या मुलाला 'थँक्यू'सुद्धा म्हटलं नाही. म्हणजे तोंडातून शब्दच फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी घोटीला मिस्त्रीकडे गेले. हा माझा जुना विद्यार्थी, चौथीत माझ्या वर्गात होता. त्यानं मधलं झाकण काढलं आणि म्हणाला, "बाई, हे बघा. हॉर्नची वायर आखूड पडलीय. चाक सरळ असलं की वाजतं, पूर्ण वळवलं की संपर्क तुटतो. आणि वळल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो का?" होत नव्हता. मला वाटत होतं, इंडिकेटर म्हातारा झाला. तो म्हणाला, "जोडाला तो खटका नाहीच मुळी. बाई, बसवल्यावर तपासलं नाही का कुणी?"

तपासणार कोण? चालवणारीला कुणी विचारलंच नव्हतं. आणि मीही विचारायला लावलं नव्हतं, हे कबूल करते.

खरं तर स्टिअरिंग हातात असलेल्या बाईचं कौतुक आपल्याकडे भरपूर होतं. २०२३च्या जूनमध्ये एसटीत महिला चालक आल्या, त्यातल्या एक आमच्याच जिल्ह्यात, नाशिक-सिन्नर मार्गावर. सगळ्या पेपरांत फोटो! साताऱ्याच्या सुरेखा यादव, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. २०२५च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त होताना त्यांनी शेवटची गाडी चालवली ती इगतपुरी ते मुंबई, राजधानी एक्स्प्रेस. आमच्या यांना त्याचं कोण अप्रूप! (त्यांच्या इंजिनाला स्टिअरिंग नसतं, हेही यांनीच मला सांगितलं.) हे कौतुक मलाही हवंय. पण फोटो काढून झाल्यावर तिची सीट तिच्या उंचीला येते का, चाकाची जाडी तिच्या मुठीत मावते का, हे कोण बघतं? आपल्या घरातलंच बघा. ओट्याची उंची सुतार ठरवतो, मिक्सर नवरा ठरवतो आणि गाडी मुलगा.

ज्यांच्याकडे अलीकडची गाडी आहे त्यांनी तर चाक बदलायच्या भानगडीत पडूच नये. १ जुलै २०१९पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि ती चाकाच्या पोटातच असते. बाहेरचं चाक बसवलं की एअरबॅग गेली. ती काढताना चुकून उडाली तर बसवणाऱ्याचा हातही जाऊ शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, नोंदणी पुस्तकातल्या वर्णनाशी न जुळणारे बदल त्यात बसत नाहीत. विमा कंपनीला न कळवता काही केलं तर भरपाईच्या वेळी तेच समोर येतं. अशा बहिणींनी आपलं म्हणणं गाडी घेतानाच मांडावं. शोरूममध्ये आधी तुम्ही बसा. चाक वर-खाली होतं का, सीट उंच होते का, काटा दिसतो का, बघा. रंग मागाहून.

मी काय केलं? यांना घरी ठेवून एकटी नाशिकला गेले. पर्समध्ये शिवणाची टेप आणि मिस्त्रीनं कागदावर लिहून दिलेल्या चार ओळी. दुकान दुसरं. "८००चं मूळ मापाचं चाक दाखवा, दांड्यावर थेट बसणारं, मधे जोड नको." दुकानदारानं आधी मागे बघितलं, साहेब येतायत का म्हणून. कोणी येत नव्हतं. मग त्यानं तीन चाकं काढली. एक चकचकीत लाकडी होतं. ओल्या हातानं धरून बघते म्हटलं आणि बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं. सटकन निसटलं. एक चामड्याचं होतं, पण इगतपुरीच्या पावसात त्यावर महिन्यात पांढरी बुरशी चढेल. तिसरं साधं, काळं, खरबरीत, पूर्ण गोल, माझी बोटं मागून अंगठ्याला टेकतील एवढंच जाड. टेप लावली, साडेचौदा.

बसवायला घोटीलाच आणलं. मिस्त्रीनं पुढची चाकं सरळ करून, खूण जुळवून नट आवळला. मग मला आत बसवलं आणि म्हणाला, "आता बाई, डावीकडे पूर्ण फिरवा, हॉर्न दाबा. सरळ करा, दाबा. उजवीकडे पूर्ण, दाबा." मी तिन्ही वेळा दाबला. समोरच्या किराणा दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली, तरी आणखी एकदा दाबला.

रात्री लेकाला फोटो पाठवला. तो म्हणाला, "आई, हे तर जुन्यासारखंच दिसतंय. पैसे कशाला घातलेस?"

म्हटलं, "तू सुट्टीला ये. आजीला घेऊन नाशिकला तू चालव एकदा, मग बोलू."